सच्चे, लबाड आणि ‘च’, ‘ही’, ‘तरी’

तुम्ही लिहून विचारलेला कोड्याचा प्रश्न आधी पुन्हा मांडतो. एका गावात दोनच तऱ्हेची माणसं राहतात. सच्चे नेहमी खरंच बोलतात आणि लबाड नेहमी खोटंच बोलतात. तिघं भेटतात.

अंतू म्हणतो, “बाळू आणि किसन दोघेही लबाड आहेत.”
बाळू म्हणतो, “किसन लबाड आहे.”
किसन म्हणतो, “अंतू सच्चा आहे.”

कोण काय आहे? तुम्ही लिहिलंय की अंतूला सच्चा धरला तर बाळू आणि किसन लबाड ठरतात, पण मग बाळूचं ‘किसन लबाड आहे’ हे वाक्य खरं निघतं आणि लबाडाच्या तोंडी खरं वाक्य येतं. म्हणून अंतूला लबाड धरला. आता बाळू आणि किसन दोघेही सच्चे ठरले, पण बाळू तर किसनला लबाड म्हणतोय. पुन्हा अडलं. तुमचे शब्द आहेत, “दोन्ही बाजूंनी अडतं. कोडंच चुकीचं छापलंय, की हा विषय माझ्या डोक्यात शिरणारच नाही?”

कोडं बरोबर छापलंय आणि विषय तुमच्या डोक्यात शिरलाही आहे. पहिली बाजू तुम्ही निर्दोष सोडवलीत. घसरलात ते दुसरी बाजू सुरू करताना, एकाच शब्दावर, आणि तो शब्द आहे ‘दोघेही’ मधला ‘ही’.

“दोघेही लबाड आहेत” हे खोटं असेल, तर त्याचा अर्थ “दोघेही सच्चे आहेत” असा होत नाही. समजा आईने विचारलं, “दोन्ही शेगड्या बंद केल्यास ना?” आणि तुम्ही “हो, दोन्ही बंद केल्या” म्हणालात. आई आत जाऊन पाहते तर एक बंद आहे, दुसरी चालू. तुम्ही खोटं बोललात की नाही? बोललात. तुमचं बोलणं खोटं ठरवायला एक शेगडी चालू असणं पुरेसं आहे. तसंच अंतू लबाड असेल, तर बाळू आणि किसन यांच्यातला एक तरी सच्चा आहे, एवढंच हाती लागतं. कदाचित एक, कदाचित दोघे. याहून जास्त काही घेतलंत तर ते कोड्याने दिलेलं नसतं, आपण आपल्या पदरचं घातलेलं असतं.

आता पुन्हा चला. अंतू लबाड, म्हणून किसनचं “अंतू सच्चा आहे” हे खोटं, म्हणून किसन लबाड. बाळू किसनला लबाड म्हणतो ते खरं, म्हणून बाळू सच्चा. अंतूने दोघांनाही लबाड म्हटलं होतं, त्यातला बाळू सच्चा निघाला, म्हणजे अंतू खोटं बोलला हेही जुळलं. अंतू लबाड, बाळू सच्चा, किसन लबाड. कुठेही अडलं नाही.

मी बावीस वर्षं ही कोडी शिकवतोय, शिष्यवृत्तीच्या मुलांना आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनाही. तुमची ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की पहिल्या तासाला मी कोडं देतच नाही. फळ्यावर एक वाक्य लिहितो: “या वर्गातल्या सगळ्या मुलांनी आज डबा आणला आहे.” आणि सांगतो, हे वाक्य खोटं आहे असं समजा, तर खरं काय ते वहीत लिहा. निम्म्याहून जास्त वह्यांत सापडतं, “कोणीच डबा आणलेला नाही.” एकदा पाचवीतली एक मुलगी काही न लिहिता उठली, शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे बोट केलं आणि म्हणाली, “सर, ह्याने नाही आणला. झालं.” त्या ‘झालं’ मध्ये सगळं तर्कशास्त्र होतं. ‘सगळ्यांनी’ असं म्हणणारं वाक्य पाडायला एक मुलगा पुरतो. तसंच ‘कोणीच नाही’ असं म्हणणारं वाक्यही एकाच मुलाने पडतं.

या नियमाला ज्याचं नाव आहे तो गणिती ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्याकडे मदुराईत जन्मला होता. ‘हे आणि ते’ यांचा नकार म्हणजे ‘हे नाही किंवा ते नाही’. ‘हे किंवा ते’ यांचा नकार म्हणजे ‘हेही नाही आणि तेही नाही’. बारावीच्या गणितातल्या तर्कशास्त्राच्या प्रकरणात हा नियम असतो, सत्यता सारण्यांसकट, म्हणजे खऱ्या-खोट्याच्या सगळ्या शक्यता ओळीओळीने मांडलेल्या तक्त्यांसकट. मुलं तो पाठ करून गुण मिळवतात, आणि कोडं समोर आलं की विसरतात, कारण कोड्यात चिन्हं नसतात, मराठी असते.

म्हणून थोडं मराठीबद्दलच बोलतो. माझ्या मते या कोड्यांत हुशारीपेक्षा वाचन जास्त लागतं, आणि आपल्या भाषेत सगळा भार छोट्या शब्दांवर असतो. “आमच्यात एक लबाड आहे” या वाक्याचं काय करायचं? एकच लबाड, की एक तरी लबाड? बोलताना आपण आवाजाच्या हेलाने ठरवतो. छापील कागदाला हेल नसतो. हा फरक किती मोठा आहे ते एका कोड्यात दाखवतो. अंतू, बाळू, किसन आणि डिगू असे चौघं ओट्यावर बसलेत.

अंतू: “आमच्यात एकच लबाड आहे.”
बाळू: “आमच्यात दोनच लबाड आहेत.”
किसन: “आमच्यात तीनच लबाड आहेत.”
डिगू: “आम्ही चौघेही लबाड आहोत.”

लबाडांचा आकडा एकच असणार, त्यामुळे यातली दोन वाक्यं एकदम खरी होऊ शकत नाहीत. चारही खोटी असतील तर चौघेही लबाड, पण मग डिगूचं वाक्य खरं होतं. तेही जमत नाही. म्हणजे नेमकं एक वाक्य खरं, एक सच्चा, तीन लबाड. ‘तीनच’ म्हणणारा किसन सच्चा, बाकी तिघं लबाड.

आता फक्त ‘च’ काढा आणि त्या जागी ‘तरी’ ठेवा. अंतू म्हणतो “एक तरी लबाड आहे”, बाळू “दोन तरी आहेत”, किसन “तीन तरी आहेत”, डिगूचं वाक्य तेच. आता वाक्यं एकमेकांना खात नाहीत. खरोखर दोन लबाड असतील, तर ‘एक तरी’ आणि ‘दोन तरी’ ही दोन्ही खरी, पुढची दोन खोटी. म्हणजे जेवढे लबाड, तेवढी खरी वाक्यं. पण खरी वाक्यं जेवढी, तेवढेच सच्चे. म्हणून सच्चे आणि लबाड सारखेच, चौघांत दोन आणि दोन. अंतू आणि बाळू सच्चे, किसन आणि डिगू लबाड. पहिल्या रूपात सच्चा ठरलेला किसन इथे लबाड झाला आणि लबाड ठरलेले अंतू-बाळू सच्चे झाले. बदललं काय होतं? एक प्रत्यय.

याहून अवघड जागा आहे “सगळे खरं बोलत नाहीत”. याचा अर्थ ‘कोणीच खरं बोलत नाही’ असाही घेता येतो आणि ‘सगळेच खरं बोलतात असं नाही, काही बोलतात’ असाही. मराठीत दोन्ही अर्थ तितकेच सहज आहेत. कोडं स्वतः लिहिणार असाल तर हे वाक्य वापरूच नका. परीक्षेत आलं आणि प्रश्न दोन भाषांत छापलेला असेल, तर दुसऱ्या भाषेतलं वाक्यही वाचा. तिथे बहुधा अर्थ एकच निघतो. ‘किंवा’चंही तसंच. “अंतू किंवा बाळू सच्चा आहे” म्हटल्यावर दोघेही सच्चे असले तर चालतं का? तर्कशास्त्रात चालतं. ‘दोघांपैकी एकच’ असं म्हणायचं असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

आणखी एक सवय लावून घ्या. माणसाला ‘खरा-खोटा’ म्हणू नका. माणूस सच्चा किंवा लबाड, वाक्य खरं किंवा खोटं. “अंतू खोटा, म्हणून बाळू खोटा, म्हणून ते खोटं” असं पुटपुटत गेलं की तिसऱ्या पायरीला आपण माणसाबद्दल बोलतोय की वाक्याबद्दल, हेच कळेनासं होतं. कागदाच्या समासात मी माणसांपुढे स किंवा ल लिहितो आणि वाक्यांपुढे बरोबर-चूकची खूण करतो. दोन वेगळे रकाने, दोन वेगळी चिन्हं.

आता वेगाबद्दल, कारण तुम्ही लिहिलंय की सुटलं तरी पाच-सहा मिनिटं जातात. एक गोष्ट मनात पक्की बसवा: या गावात कोणी काही बोललं तर ती बातमी नसते, जोडी असते. ‘बाळू म्हणतो अमुक’ याचा अर्थ बाळू सच्चा असणं आणि अमुक खरं असणं या दोन गोष्टी एकत्र उभ्या राहतात नाही तर एकत्र पडतात. बारावीच्या भाषेत ‘जर आणि तरच’. यातून दोन फार उपयोगी गोष्टी निघतात. एकाने दुसऱ्याला लबाड म्हटलं की ते दोघं वेगळ्या तऱ्हेचे. एकाने दुसऱ्याला सच्चा म्हटलं की दोघं एकाच तऱ्हेचे. कोण सच्चा, हे ठरवायची गरजच नाही.

तुमचंच कोडं असं पाहा. बाळू किसनला लबाड म्हणतो, म्हणून बाळू आणि किसन वेगळे, म्हणून दोघेही लबाड असणं अशक्य, म्हणून अंतूचं वाक्य खोटं, अंतू लबाड. किसन अंतूला सच्चा म्हणतो, म्हणून किसन अंतूसारखाच, लबाड. उरला बाळू, तो किसनपेक्षा वेगळा, म्हणजे सच्चा. ‘समजा अंतू सच्चा आहे’ असं एकदाही म्हणावं लागलं नाही. वीस सेकंद.

सुरुवात कुठून करायची हेही यातून कळतं. पहिलं छापलेलं वाक्य पहिलं सोडवायचं असा काही नियम नाही, पण जवळजवळ प्रत्येकजण तसंच करतो. कोडं करणाऱ्याला हे माहीत असतं, त्यामुळे तो सगळ्यात गुंतागुंतीचं वाक्य पहिल्या माणसाच्या तोंडी घालतो. आधी सगळी वाक्यं वाचा आणि सगळ्यात लहान वाक्य शोधा, एका माणसाने दुसऱ्या एकाच माणसाबद्दल काढलेलं. ते नसेल तर ज्यात बोलणारा स्वतःबद्दल बोलतो ते शोधा.

स्वतःबद्दलची वाक्यं ही या कोड्यांची खरी गंमत आहे. “मी लबाड आहे” असं या गावात कोणीही म्हणू शकत नाही. सच्च्याच्या तोंडी ते खोटं, लबाडाच्या तोंडी ते खरं. मग बाळू येऊन म्हणाला, “अंतूने मला सांगितलं, ‘मी लबाड आहे’,” तर अंतूबद्दल काही कळत नाही, पण बाळू लबाड हे तत्काळ ठरतं, कारण असं वाक्य अंतूच्या तोंडून निघूच शकत नाही. इथेही मराठीचा एक खड्डा आहे. अवतरण चिन्हं काढली की “अंतू म्हणाला की मी लबाड आहे” यातला ‘मी’ कोण? अंतू स्वतः, की बोलणारा बाळू? आपण दोन्ही तऱ्हेने बोलतो. ‘मी’ म्हणजे बाळू धरला तर ते अगदी साधं, शक्य असलेलं वाक्य होतं आणि बाळूबद्दल काहीच ठरत नाही. म्हणून उत्तर शोधण्याआधी अवतरण चिन्हं शोधा.

हे गाव मुळात ज्याने लोकप्रिय केलं तो अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन (१९१९–२०१७). तो गणिती होता, पियानो वाजवायचा आणि तरुणपणी रंगमंचावर जादूचे प्रयोगही करायचा. १९७८ साली आलेल्या त्याच्या पहिल्या कोड्यांच्या पुस्तकात ‘सच्चे सरदार आणि लबाड’ यांचं बेट आहे, आणि नंतर जगभरच्या परीक्षांत जी कोडी आली त्यातली बरीचशी त्या बेटाची वंशज आहेत. आपण तर्कशास्त्राकडे कसे वळलो याची एक आठवण त्याने लिहिली आहे. १ एप्रिल १९२५, वय सहा, तापाने अंथरुणात. थोरला भाऊ सकाळी येऊन म्हणाला, आज तुला असा फसवीन की कधी फसला नसशील. पोरगा दिवसभर वाट पाहत राहिला, भावाने काहीच केलं नाही. रात्री भाऊ म्हणाला, तू फसण्याची वाट पाहत होतास ना? आणि मी फसवलं नाही. म्हणजे फसलासच की! दिवा मालवल्यावर तो कितीतरी वेळ जागा होता, आपण फसलो की नाही हे ठरवत. ज्याला या कोड्यांची गोडी लागली आहे त्याला ते जागेपण लगेच कळेल.

‘स्वतःबद्दल बोलणं’ आणि ‘नकार नीट काढणं’ या दोन्ही गोष्टी ज्या एका जुन्या उदाहरणात एकत्र येतात ते सांगतो, कारण ते बहुतेक ठिकाणी चुकीचं सांगितलं जातं. ग्रीसमधल्या क्रीट बेटावरचा प्राचीन कवी एपिमेनिडीस म्हणाला, क्रीटचे सगळे लोक खोटारडे. बायबलमधल्या तीताला लिहिलेल्या पत्रातही हे वाक्य येतं. लोक म्हणतात, पाहा, हा विरोधाभास आहे: तो खरं बोलला तर तोही खोटारडा, आणि खोटं बोलला तर... तर काय? इथे लोक तुमच्यासारखंच घसरतात. ते खोटं असेल तर ‘क्रीटचे सगळे सच्चे’ असं होत नाही. क्रीटमध्ये कुठे तरी एक सच्चा आहे, एवढंच होतं, आणि एपिमेनिडीस स्वतः आरामात लबाड राहू शकतो. कुठेच अडत नाही. खरं अडतं ते “हे वाक्य खोटं आहे” या वाक्यापाशी. ते मिलेटसच्या युबुलिडीस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. त्यात ‘सगळे’ नाही, म्हणून निसटायला फट नाही.

आता ‘जर-तर’. इथे मोठी माणसंही हट्टाला पेटतात. अंतू म्हणतो, “मी सच्चा असेन तर बाळू लबाड आहे.” काय ठरतं? अंतू लबाड धरून पाहा. मग ‘मी सच्चा असेन तर’ ही अटच पुरी होत नाही. अट पुरी न झालेलं वाक्य खोटं असतं का? मी तुम्हाला म्हणालो, “उद्या पाऊस पडला तर माझी छत्री तुम्हाला देईन.” उद्या लख्ख ऊन पडलं आणि मी छत्री दिली नाही. मी खोटं बोललो का? तुम्ही मला खोटं पाडू शकता ते एकाच परिस्थितीत: पाऊस पडला आणि मी छत्री दिली नाही. म्हणून अट पुरी न झालेलं ‘जर-तर’ वाक्य खोटं ठरत नाही, ते खरं धरलं जातं. मग लबाड अंतूच्या तोंडून खरं वाक्य निघालं, जे चालत नाही. म्हणून अंतू सच्चा. सच्चा आहे म्हणून वाक्य खरं, अटही पुरी, म्हणून बाळू लबाड. एका माणसाच्या एका वाक्यात दोघांचाही निकाल लागला. ‘मी सच्चा असेन तर’ अशी सुरुवात दिसली की पुढचं सगळं खरं आणि बोलणारा सच्चा, हे पाठ करून ठेवायला माझी हरकत नाही, पण एकदा छत्रीवरून स्वतःला पटवून मगच.

नकार चुकला की उत्तर नुसतं चुकतं असं नाही, कधी कधी अर्धंच मिळतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हे जास्त वाईट. कोजागरीला गच्चीवर दहा जण गोल बसलेत, मधे दूध आटतंय. प्रत्येकजण म्हणतो, “माझ्या दोन्ही बाजूंचे लबाड आहेत.” सच्चे किती?

सच्च्याच्या दोन्ही बाजूंना लबाड, म्हणजे दोन सच्चे कधी शेजारी नाहीत. घाईत पुढचं वाक्य असं येतं: लबाडाच्या दोन्ही बाजूंना सच्चे. मग एक सोडून एक बसवले, पाच सच्चे, पाच लबाड, उत्तर पाच. जुळतंही सगळं! म्हणून मुलं खूश होऊन वही मिटतात. पण लबाडाचं वाक्य खोटं ठरायला एका बाजूला सच्चा असला तरी पुरे. म्हणजे दोन लबाड शेजारी बसू शकतात. तीन सलग मात्र नाही, कारण मधल्याच्या दोन्ही बाजूंना लबाड आले की तो खरं बोलल्यासारखं होतं. तर एका सच्च्यापासून पुढच्या सच्च्यापर्यंत एक किंवा दोन लबाड. पाच सच्चे असतील तर प्रत्येक फटीत एक. चार सच्चे असतील तर सहा लबाड चार फटींत बसवायचे: दोन, दोन, एक, एक. बसले. तीन सच्चे असतील तर तीन फटींत जास्तीत जास्त सहा लबाड, एकूण नऊच माणसं, दहावा कुठे बसवणार? सहा सच्चे असतील तर कमीत कमी सहा लबाड लागतात, बारा माणसं होतात. म्हणून सच्चे चार किंवा पाच, दोन्ही शक्य. ‘पाच’ हे उत्तर पडताळून बरोबर येतं आणि तरीही कोडं सुटलेलं नसतं.

म्हणून माझ्या वर्गात एक गोष्ट सक्तीची आहे. एक उत्तर जुळलं की दुसरी बाजूही शेवटपर्यंत न्यायची. परीक्षेत चार पर्याय असतात तेव्हा हे सोडलं तर चालून जातं. घरी सरावाला कधीच सोडू नका. तिघांच्या कोड्यात शक्यता आठच असतात, चौघांच्या सोळा. रोज एका कोड्याची आठही ओळींची सारणी पूर्ण मांडा. दोन आठवडे कंटाळा येईल. त्यानंतर ओळी मांडायच्या आधीच त्यातल्या सहा कुठे पडणार ते दिसायला लागतं, आणि परीक्षेत लागणारा वेग तिथून येतो.

तुम्ही शेवटी आलटून-पालटून बोलणाऱ्यांबद्दल विचारलंय. तिथे एक सच्चा, एक लबाड आणि एक जण आलटून-पालटून, एकदा खरं एकदा खोटं. रीत तीच, फक्त ‘हे वाक्य कोण म्हणू शकतो’ हा प्रश्न आधी विचारायचा. अंतू म्हणतो, “मी आलटून-पालटून बोलतो. बाळू सच्चा नाही.” बाळू म्हणतो, “किसन लबाड आहे. अंतू सच्चा नाही.” किसन गप्प आहे. अंतूचं पहिलं वाक्य सच्चा कधीच म्हणणार नाही, म्हणून अंतू सच्चा नाही. मग बाळूचं दुसरं वाक्य खरं, म्हणून बाळू लबाड नाही. अंतू लबाड असता तर त्याचं ‘बाळू सच्चा नाही’ हे खोटं, म्हणजे बाळू सच्चा, म्हणजे बाळूचं पहिलं वाक्यही खरं आणि किसनही लबाड. लबाड दोन झाले, चालत नाही. म्हणून अंतू आलटून-पालटून बोलणारा, बाळू सच्चा, किसन लबाड. अंतूचं पहिलं खरं, दुसरं खोटं, तेही जुळतं. किसनने तोंड उघडायची गरजच पडली नाही.

फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारून रस्ता काढायचा, हा प्रकार उलट्या दिशेचा आहे, थोडक्यात सांगतो. “डावा रस्ता गावाला जातो का, असं मी तुला विचारलं असतं तर तू ‘हो’ म्हणाला असतास का?” असं विचारा. लबाड दोनदा खोटं बोलतो, दोन खोटी एकमेकांना मारतात, आणि सच्चा असो की लबाड, ‘हो’ म्हणजे डावा रस्ताच. याचीच पुढची पायरी म्हणजे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूलोसने १९९६ साली मांडलेलं तीन देवांचं कोडं. एक सच्चा, एक लबाड, एक वाटेल तसं उत्तर देणारा, आणि ‘हो-नाही’साठी ते ‘दा’ आणि ‘जा’ म्हणतात, पण कशाला काय हे आपल्याला माहीत नाही. प्रश्न तीनच. आत्ताच त्याच्या मागे लागू नका. लागाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा की पहिला प्रश्न कोण सच्चा हे शोधायला खर्च करायचा नसतो, वाटेल तसं बोलणारा नक्की कोण नाही हे शोधायला करायचा असतो.

आता तुमच्यासाठी एक काम. ओट्यावरच्या त्या चौघांत गणू येऊन बसला. पाचही जण बोलतात. अंतू, “एक तरी लबाड आहे.” बाळू, “दोन तरी आहेत.” किसन, “तीन तरी.” डिगू, “चार तरी.” गणू, “आम्ही पाचही लबाड आहोत.” आधी सगळीकडे ‘च’ घालून सोडवा, मग ‘तरी’ ठेवून. ‘च’चं रूप सरळ सुटेल. ‘तरी’च्या रूपात तुम्ही पुन्हा सगळ्या बाजूंनी अडाल. या वेळी नकार सगळे तपासून पाहा, एकही चुकलेला नसेल. कोडंच चुकीचं आहे का, हा तुमचा प्रश्न तेव्हा पुन्हा विचारा, आणि उत्तर देताना पाच या आकड्याकडे बघा.